सुरंगीचा वळेसर

आमच्या घरात माझ्या भोळेपणाची एक गोष्ट सांगितली जाते. लग्नकार्यात, बारशाला, चार नातेवाईक जमले की कुणीतरी ती काढतंच, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणतं, "इलास लहानपणापास्नं तसाच, मनात काय ठेवायचा न्हाई." ही गोष्ट खोटी आहे. त्या दिवशी मी जे बोललो ते भोळेपणाने बोललो नव्हतो. मला सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच बोललो. पण गोष्ट माझ्या सोयीची होती, म्हणून सगळे सांगत राहिले आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मान खाली घातलेला माणूस आणखीच भोळा दिसतो.

आम्ही तेव्हा दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील, म्हणजे नाना, लोकोशेडमध्ये फिटर होते. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे सामायिक नळ. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसायची आणि आई रोज तिला शिव्या द्यायची. शंटिंगचे धक्के, डबे जोडल्याचा खणखणाट, इंजिनाचा सुस्कारा, हे सगळं आमच्या घरात भांड्यांच्या आवाजासारखंच होतं. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूच यायचं नाही. सकाळी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी मटकीची उसळ, आणि केंदूरहून कुणी आलं की मेथी, वाटाणा, गवार यांची पिशवी. पिशवीवर हटकून फुलांचा पुडा असायचा, कारण केंदूरला आमच्या काकांची फुलांची शेती होती. थंडीत शेवंती, एरवी झेंडू आणि गुलछडी.

तो पुडा घेऊन यायची ती गजराआत्या. नानांची धाकटी बहीण. शिरूरहून न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.तून ती उतरायची तेव्हा तिच्या बोटांना फुलांच्या चिकाचा हिरवट रंग असायचा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान, माझे मामा, वारले, विहिरीचं काम चालू असताना दरड अंगावर आली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती केंदूरला भावाच्या मळ्यात राबत होती, आणि आमच्याकडे दुखणं-बाळंतपण निघालं की दौंडला येत होती. माझ्या जन्मानंतर आई फार दिवस आजारी होती, त्यामुळे मला खरं आत्यानेच वाढवलं. पहाटे उठून ती बाजाराच्या फुलांच्या पाट्या भरायची, त्यांवर ओलं फडकं टाकायची, गणपतीच्या दिवसांत तर हारांचे ढीग ओवायची. पण स्वतःच्या केसात तिने एक पाकळीही कधी खोवली नव्हती. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आत्या फुलं माळत नाही हे मला नाना विडी ओढत नाहीत, तसंच वाटायचं.

त्या वर्षी नानांच्या छातीचं दुखणं लांबलं. धुराने आणि कोळशाने ते खोकून खोकून वाळले होते. रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं चालू ठेवा, पण काही दिवस समुद्राच्या हवेत नेऊन ठेवा. आमच्या खानदानात समुद्र कुणी बघितला नव्हता. शेडमधल्या नानांच्या एका सोबत्याची मावशी श्रीवर्धनला राहायची, सुपारीची वाडी होती, सुट्टीत येणाऱ्या लोकांना ती घरी उतरवून घ्यायची. चैत्रात माझी नववीची परीक्षा संपली आणि आम्ही निघालो. नाना, आई, मी आणि नानांच्या पथ्यपाण्याला म्हणून आत्या. आत्याने बाजरीच्या पिठाची पिशवी बरोबर घेतली. "तिकडं नुसता भात खात्यात म्हनं," ती आईला म्हणाली, "वैनी, भातानं दादाचं प्वाट भरायचं न्हाई."

पुण्यापर्यंत पॅसेंजरने गेलो. केडगावला गाडी थांबली तेव्हा आत्या खिडकीतून पलीकडच्या झाडांमागे असलेल्या निराधार बायकांच्या आश्रमाकडे बघत राहिली. मला म्हणाली, "हितं बायकांना ठिवून घेत्यात. तुजा मामा गेल्यावर माज्या सासरची मला हितंच धाडाया निघालीवती. तुज्या बापानं मला हाताला धरून केंदूरला न्हेलं." नाना समोर बसले होते. ते म्हणाले, "गजरे, गप बस. पोराला काय सांगतीस." गाडी सुटली. आत्या मग बराच वेळ शेंगा फोडून नानांच्या हातावर दाणे ठेवत होती.

वरंधा घाटात आईला आणि मला उलट्या झाल्या. महाडला दुसरी एस.टी. धरली, आणि म्हसळ्याच्या पुढे शेवटच्या डोंगराला वळसा घालून गाडी खाली उतरायला लागली तेव्हा कंडक्टर म्हणाला, तो बघा. पाठीशी डोंगर, पुढे नारळी-पोफळींचे शेंडे, आणि त्या शेंड्यांच्या वर आभाळाला टेकलेली एक निळी पट्टी. मला वाटलं होतं समुद्र खाली असेल, आमच्या भीमेसारखा. तो झाडांच्याही वर उभा दिसत होता. डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते सगळं गाव बसलं होतं. जांभ्या दगडाची घरं, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, अंगणात वाळत टाकलेल्या सुपाऱ्या, वाडीतून खळखळणारे पाट. उतरल्यावर आत्या रस्त्यातच थांबली आणि कान देऊन म्हणाली, "हितं बी रेल्वे हाय व्हय?" आम्ही सगळे ऐकू लागलो. ती म्हणाली, "मालगाडीच हाय. लई लांबलचक दिसतीया, सपंना." नाना इतके हसले की त्यांना ढास लागली. कित्येक महिन्यांनी ते हसले होते.

आम्ही उतरलो त्या घरच्या बाईंना सगळे काकू म्हणायचे. उंच, गोऱ्या, घाईघाईने बोलणाऱ्या. त्यांची मुलगी शुभा माझ्याच वयाची होती. काकूंनी आम्हाला ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि आत्याकडे बघून सहज विचारलं, "तुमचे यजमान नाही का आले?"

आत्याच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये हिरवं गोंदण होतं, आमच्याकडच्या बायकांच्या असतं तसं. गळ्यात ताईत बांधलेला काळा दोरा पदराआडून दिसत होता. प्रवासाच्या घामाने आईचंही कुंकू पुसलेलं होतं. काकूंचा समज होणं साहजिक होतं. आत्याने क्षणभर आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई आलं." एवढंच. आईने सरबताचा पेला तोंडाला लावला. नाना गडग्यापलीकडच्या पोफळींकडे बघत होते. कुणी काहीच बोललं नाही, आणि न बोलण्यातून सगळं ठरलं.

पुढचे काही दिवस मी आत्याला जसं पाहिलं तसं त्याआधी आणि त्यानंतर कधीच पाहिलं नाही. काकूंच्या चुलीवर ती हातावर थापून भाकरी करायची आणि शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. काकूंनी तिला फणसाची भाजी शिकवली, कुळथाचं पिठलं शिकवलं. भाताला ती रोज नावं ठेवायची आणि रोज दोनदा वाढून घ्यायची. "काकू, तुमच्या गावात दात कशाला दिल्यात देवानं? समदं गिळायचंच!" काकू हसून लोटपोट व्हायच्या. सकाळी आम्ही वाळूवर जायचो. पहिल्या दिवशी आत्या लाटेला हात जोडून उभी राहिली, दुसऱ्या दिवशी घोटाभर पाण्यात आली, आणि तिसऱ्या दिवशी लुगड्यानिशी पाण्यात फतकल मारून बसली. लाट आली की लुगड्याचा फुगा व्हायचा आणि ती ओरडायची, "आरं बया बया, वैनी, मला न्हेतंय की ह्ये!" आई काठावरून म्हणायची, "नेऊ दे, वन्सं, भाकऱ्या थापायला समुद्रालाबी कुणीतरी पाहिजे." नाना ओल्या वाळूत काठी रोवून बसलेले असायचे. त्यांचा खोकला खरंच कमी झाला होता.

काकूंच्या परसात सुरंगीचं झाड होतं. खोडाला, फांद्यांना चिकटून फुललेली, पिवळट, गोड आणि जड वासाची फुलं. ती आत्याने कधी पाहिली नव्हती. फुलांच्या धंद्यातल्या बाईला नवं फूल दिसल्यावर जे होतं ते तिचं झालं. हुंगलं, कुस्करून बघितलं, पाण्यात टाकून किती टिकतं ते बघितलं. मग काकूंच्या हातातून दोरा घेऊन इतक्या भराभर वळेसर, म्हणजे तिकडचा गजरा, विणला की शुभा बघतच राहिली. रोज सकाळी मग ते काम तिच्याकडेच आलं. काकूंचा, शुभाचा, आईचा. काकू म्हणाल्या, "आणि तुमचा?" आत्या म्हणाली, "मला वासानं डोकं दुखतंय." दुसऱ्या दिवशीही हेच. आणि एका सकाळी मी दात घासून आलो तर आत्या विहिरीपाशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या अंबाड्यावर सुरंगीचा वळेसर होता. नाना ओटीवरून बघत होते. मला वाटलं, आता काय होणार. नाना म्हणाले, "गजरे, च्या झाला का?" ती "व्हय" म्हणाली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे मी सांगितलंच पाहिजे. ती सुंदर दिसत होती. मी तिच्या बाजूचा होतो.

आता माझं सांगतो. दौंडच्या शाळेत मी निबंधाला पहिला यायचो आणि घरात सगळ्यांची भाषा सुधारायचो. श्रीवर्धनला आल्यापासून मी फार जपून बोलत होतो, कारण शुभा ऐकत असायची. आपण फिटरचा मुलगा, केंदूरच्या मळ्यातला, हे बोलण्यातून कळू नये यासाठी माझी सगळी धडपड चाललेली. शुभाने मला भरती-ओहोटीचं काहीतरी समजावून सांगितलं होतं आणि मी तिला इंजिनाच्या बॉयलरबद्दल सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर मी हवेत होतो. आज हे लिहिताना हसू येतं. पण पंधराव्या वर्षी माणूस स्वतःला फार जपत असतो, आणि जपता जपता दुसऱ्याच्या अंगावर पाय पडला तरी त्याला दिसत नाही. मला मात्र दिसला होता.

आमचा मुक्काम संपायला आला होता तेव्हा काकूंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. माजघरात गौर मांडली, पुढे कलिंगड, करंज्या, आरास. आळीतल्या बायका जमल्या. वाटल्या डाळीचा आणि पन्ह्याचा आंबट-गोड वास आणि त्याच्यावर सुरंगीचा. पुरुष बाहेर होते. मला मात्र पन्ह्याचे पेले फिरवायला आत घेतलं होतं, आणि शुभा माझ्याबरोबर डाळीच्या वाट्या देत होती. बायकांच्या गप्पा रंगल्या. मुलांच्या खोड्यांवर बोलणं आलं, आणि आत्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आवो, हा आमचा इलास, आता कसा बुकातलं बोलतोय! सात वर्साचा घोडा झालावता तरी माज्या पदराची गाठ तोंडात घिऊन झोपायचा. चोखून चोखून माज्या समद्या लुगड्यांना भोकं पाडली!" सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा. शुभा हसली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अजून लागते का रे गाठ?" बायका पुन्हा हसल्या.

मी हातातलं तबक खाली ठेवलं. माझे कान तापले होते. तेवढ्यात काकू करंडा घेऊन उठल्या. त्यांनी आईला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले. मग त्या आत्यापुढे वाकल्या. आत्याने पदर सारखा केला, चेहरा वर उचलला आणि डोळे मिटून घेतले. मिटलेले ते डोळे मी पाहिले. किती वर्षांनी तिच्या कपाळाला ते बोट लागणार होतं हे मला माहीत होतं. आणि मी स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणालो, "काकू, आत्याला कुंकू चालत नाही. तिचे यजमान वारले आहेत."

काकूंचं बोट तसंच राहिलं. कुणाचा तरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. आत्याने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. काकू पुटपुटल्या, "अगं बाई, मला ठाऊकच नव्हतं," आणि बोट घेऊन पुढच्या बाईकडे वळल्या. आत्या उठली. अंबाड्यावरचा वळेसर तिने सोडवला, नीट गौरीपुढे ठेवला, नमस्कार केला, आणि माझ्यापुढचं रिकाम्या पेल्यांचं तबक उचलून मागे विहिरीवर गेली. थोड्या वेळाने काकू तिच्या मागे गेल्या. मी दाराआड उभा होतो. काकू म्हणत होत्या, "मी एकटी असते ना, तर लावलं असतं हो. चौघीजणींत मला धीर नाही झाला." आत्या पेले विसळत म्हणाली, "तुमचं काय चुकलं त्यात?"

मधल्या खोलीत आईने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "का बोललास? का बोललास?" एवढंच ती विचारत होती. मी काही म्हणायच्या आत आत्या मागच्या दाराने आली, आईचा हात सोडवला आणि म्हणाली, "वैनी, लेकरू हाय त्ये. त्याला काय कळतंय? तोंडातनं गेलं." ती गोष्ट तिथे तयार झाली. आत्यानेच तयार केली, मला वाचवायला. आणि मी तिच्या पदराआड उभा राहिलो, सात वर्षांचा असल्यासारखा.

निघण्याच्या आदल्या सकाळी आम्ही समुद्रावर गेलो तेव्हा आत्या आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. परत येताना केडगाव आलं, गेलं. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती.

नंतर वर्षं गेली. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, लग्न झालं. नाना गेले, आई गेली. आत्या केंदूरला तशीच होती. एक मात्र मी बघत होतो. घरातली कार्यं आली की ती मागच्या बाजूला, चुलखंडापाशी बसायची. काळ बदलला, नव्या सुना आल्या, त्या हाताला धरून तिला पुढे न्यायला बघायच्या. माझ्या बायकोने तर आमच्या मुलीच्या बारशाला तिच्यापुढे करंडाच धरला. आत्या हसून मागे सरकायची. "नगं गं बाई. त्ये माजं न्हवं." सगळे म्हणायचे, जुन्या वळणाची आहे. मीही स्वतःला तेच सांगायचो. आणि मग कुणीतरी माझ्या भोळेपणाची गोष्ट काढायचं.

माझ्या मुलीला एकदा मी कशावरून तरी रागे भरलो, ती चार लोकांत माझ्याबद्दल काहीतरी बोलून गेली होती. ती लगेच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम बोलले. मला तुमचा राग आला होता. सॉरी." इतकं सोपं. ती तेव्हा नववीत होती. पुढच्या रविवारी मी एकटाच केंदूरला गेलो.

आत्या मळ्यात आंब्याखाली बसून गुलछडीच्या जुड्या बांधत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटं तशीच चालत होती. मी शेजारी बसलो. तिने मला देठ निवडायला दिले. बराच वेळ मी देठच निवडत राहिलो.

"आत्या," मी म्हणालो, "श्रीवर्धनला मी बोललो होतो ना, ते भोळेपणानं नव्हतं."

"कवाचं काय काढलंस," ती म्हणाली. बोटं चालूच.

"मी मुद्दाम बोललो. तू पदराची गोष्ट सांगितलीस, त्या बायका हसल्या, ती पोरगी हसली. मला राग आला. तू डोळे मिटून बसली होतीस ते बघून बोललो."

आता तिची बोटं थांबली. जुडी मांडीवर ठेवून तिने माझ्याकडे तोंड केलं. नीट दिसत नव्हतं तिला, तरी ती बघत राहिली.

"पदराच्या गोष्टीपायी?"

"हो."

"तेवढ्यापायी?"

मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही, कोण जाणे.

"आन् मी काय समजून बसले रं," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हनलं, पोराच्या मनात पाप न्हाई. पोर बोललं म्हंजी देवानंच त्याच्या तोंडनं मला हटकलं. म्हनलं, गजरे, चार दिस खोटं जगलीस त्ये देवाला आवडलं न्हाई. मंग पुना कवा मी पुढं गेले न्हाई. तुज्या लग्नात तुला ववाळाया समद्यांनी बोलावलं. लई वाटत व्हतं. न्हाई गेले."

पाटात पाणी चाललं होतं. गुलछडीचा वास दुपारच्या उन्हात जड झाला होता. मी तिचा हात धरला, हिरवट चिकाचा, तोच.

"देव नव्हता, आत्या," मी म्हणालो. "मी होतो. देवाचं काही म्हणणं नव्हतं. माझं चुकलं."